आईचे माहेरचे आडनाव काय?

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. सदाशिवरावभाऊ तेथे पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी पुण्यातील लोकांच्या मनात पुढे बरीच वर्षे शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचाही त्या बातमीवर विश्वास बसला नव्हता. अशा वेळी ‘मीच भाऊसाहेब’ असे म्हणणारा एक इसम पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. तरीही १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला. त्याने कोकणात फौज जमविली आणि कितीतरी माणसे त्याला खरा भाऊ समजून जाऊन मिळाली. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. ‘तोतयाचे बंड’ म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे.

राजकारण बाजूला ठेवून चौकशी करणाऱ्यांच्या अडचणीचा विचार करा. समोरचा माणूस म्हणतो, मी अमुक. ते खरे की खोटे हे ठरवायचे कसे? त्या काळी छायाचित्र नव्हते. बोटांच्या ठशांचे शास्त्र नव्हते. ठशांची कचेरी कलकत्त्यात निघाली ती १८९७ साली. मग उरते काय? ओळखीच्या माणसांची नजर आणि प्रश्न. घरातल्या गोष्टी विचारायच्या, आणि ज्या गोष्टी खऱ्या माणसालाच ठाऊक असणार त्या याला सांगता येतात का ते पाहायचे.

या युक्तीत एक खोच आहे. घरातल्या गोष्टी घरधन्यालाच ठाऊक असतात असे थोडेच आहे? आचाऱ्याला, मोतद्दाराला, दिवाणखान्यात ऊठबस करणाऱ्या कारकुनालाही त्या ठाऊक असतात. ज्याने अशा एखाद्या माणसाशी चार महिने सलगी केली असेल, त्याला बरीच उत्तरे देता येतील. उलट खऱ्या माणसालाही पंधरा वर्षांपूर्वीची एखादी गोष्ट आठवणार नाही आणि तोच खोटा ठरेल. ही खोच आज आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत कशी येऊन पोचली आहे ते पाहू.

ओळख पटविण्याचे तीन मार्ग

माणसाची ओळख तीन प्रकारांनी पटविता येते: त्याला काय ठाऊक आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि त्याच्या अंगी काय आहे. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, हा पहिला प्रकार. कुलपाची किल्ली किंवा मोबाइलमधले सिमकार्ड हा दुसरा. बोटाचा ठसा, डोळ्याची बुबुळे हा तिसरा. शिधावाटप दुकानात यंत्रावर अंगठा ठेवतात तो तिसऱ्या प्रकारचा. खात्यातून पैसे काढताना मोबाइलवर सहा आकडे येतात तो दुसऱ्या प्रकारचा.

पहिल्या प्रकारात माणूस विसरतो ही मुख्य अडचण. परवलीचा शब्द विसरला तर खाते कायमचे बंद ठेवायचे की काय? म्हणून एक चोरदरवाजा ठेवण्यात आला. खाते उघडतानाच एक प्रश्न निवडायचा आणि त्याचे उत्तर नोंदवायचे. पुढे परवलीचा शब्द विसरला की यंत्र तो प्रश्न विचारणार, आणि उत्तर जुळले तर नवा शब्द ठेवू देणार. याला सुरक्षा-प्रश्न म्हणतात. जेईई मेन परीक्षेच्या २०१९ पासूनच्या कित्येक वर्षांच्या माहितीपुस्तिकांत अर्ज भरताना असा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर निवडायला सांगितलेले आढळते. तेव्हा हा विषय अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांच्या अगदी कामाचा आहे.

कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९०६ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका बँकेच्या अधिकाऱ्याने आपल्या व्यवसायबंधूंपुढे सांगितले होते की, आम्ही खातेदाराची सही तर घेतोच, पण जन्मस्थान, धंदा, वय आणि आईचे माहेरचे आडनाव हेही लिहून ठेवतो. त्या देशात बाई लग्न झाले की नवऱ्याचे आडनाव लावी आणि माहेरचे आडनाव कागदोपत्री जवळजवळ दिसेनासे होई. म्हणून ते बऱ्यापैकी गुप्त समजले गेले. शंभराहून अधिक वर्षे हा प्रश्न बँकांतून आणि मग संगणकांतून फिरत राहिला. मराठी मुलखात तो आला तेव्हा कोणी थांबून विचार केला असावा असे वाटत नाही.

सावलीतले गुपित

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाताना सावली हे तालुक्याचे गाव लागते. भोवताली धानाची बांधी, आसोलामेंढ्याचे पाणी आणि पुढे वैनगंगा. समजा, या तालुक्यातल्या एका खेड्यात दहावीत शिकणारी सुनीता नावाची मुलगी आहे. (हे नाव कल्पित आहे.) ती एका संकेतस्थळावर खाते उघडते आणि तिच्यापुढे नेहमीचे प्रश्न येतात. आपण एकेक तपासू.

आईचे माहेरचे आडनाव? आपल्याकडे मामा हे नाते काही कागदाआड दडलेले नसते. मामाचे आडनाव तेच आईचे माहेरचे आडनाव. सुनीताच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले असेल तर घरोघरी गेलेली लग्नपत्रिका काढून पाहा. वधूच्या मामांची नावे आडनावांसह छापलेली, आजोबांचे नाव छापलेले, गाव छापलेले, खाली निमंत्रकांची रांग. म्हणजे अमेरिकेत जे गुपित म्हणून निवडले, ते आपण शेकड्यांनी छापून हळदकुंकू लावून वाटतो! आता तर पत्रिकेचे छायाचित्रही मोबाइलवरून फिरते. एका कागदाने किती प्रश्नांची उत्तरे दिली ते मोजा.

वडिलांचे नाव तर आपल्या नावाच्या मध्येच असते. राहिले आईचे नाव. बँकेतून बोलतो म्हणणारे दूरध्वनीवर तेही पडताळणीसाठी विचारतात. महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला आहे की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. निर्णय उत्तमच आहे. शाळेच्या दाखल्यापासून सर्वत्र दिसणार असलेली गोष्ट किल्ली म्हणून वापरता येत नाही, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

पहिल्या शिक्षकांचे नाव? सुनीता ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेली ती दोनशिक्षकी असेल, तर उत्तरे दोनच आहेत. तीनदा प्रयत्न करू देणाऱ्या यंत्रापुढे दोन उत्तरांचे गुपित म्हणजे उघडे दारच. शहरातल्या मोठ्या शाळेत हाच प्रश्न थोडा कठीण होतो. म्हणजे प्रश्न बनविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते गाव होते यावर त्याचा कस अवलंबून असतो.

पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव? बैल असेल तर सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. कुत्रा असेल तर मोती, शेरू, टायगर. प्राणी आपल्याला कितीही लाडका असला तरी नावे आपण ठरावीकच ठेवतो.

जन्मतारीख? हिचा हिशेब गमतीचा आहे. चार आकड्यांच्या पिनमध्ये १०,००० शक्यता असतात. दहावीतल्या मुलीचा जन्म साधारण दोन वर्षांच्या अवधीत कोठेतरी असणार, म्हणजे शक्यता सुमारे ७३०. वाढदिवसाचा फलक चौकात लागला किंवा शुभेच्छा मोबाइलवर फिरल्या की दिवस कळला; उरल्या दोन. मागच्या पिढीची गोष्ट तर आणखीच सोपी आहे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकीत, काही ठिकाणी १ जुलै. त्यामुळे महाराष्ट्रातल्या असंख्य वडीलधाऱ्यांचा कागदावरचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. चोराने पहिला अंदाज कोणता करावा हे सांगायला नको.

आणि जन्मगाव? ते अनेकांना ठाऊक असते हे तर झालेच. पण येथे दुसरीच अडचण आहे. रोमन लिपीत सावली लिहिताना कोणी ‘व’साठी व्ही घालतो, कोणी डब्ल्यू, तर सरकारी कागदांवर पुष्कळदा मध्ये ओ असतो. शेवटी आय की ई हा वाद वेगळाच. गडचिरोली आणि ब्रह्मपुरी यांचीही तीच गत. यंत्राला अक्षर न् अक्षर जुळायला हवे असते. म्हणजे गाव सर्वांना ठाऊक, आणि दोन वर्षांनी स्पेलिंग मात्र खुद्द सुनीतालाच आठवत नाही! कुलूप चोराला उघडते आणि मालकाला उघडत नाही.

मोजमाप काय सांगते

हा केवळ आपला तर्क नाही. गूगलमधील संशोधकांनी २०१५ साली आपल्याकडील कोट्यवधी सुरक्षा-प्रश्नांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत ‘आवडता खाद्यपदार्थ’ या प्रश्नाचे उत्तर फक्त एका अंदाजात साधण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. तो अंदाज म्हणजे पिझ्झा. अरबी भाषकांच्या पहिल्या शिक्षकांचे नाव दहा अंदाजांत २४ टक्के वेळा साधता येत होते, आणि कोरियन भाषकांचे जन्मगाव दहा अंदाजांत ३९ टक्के वेळा. अमेरिकेतील इंग्रजी भाषकांपैकी ४० टक्के लोकांना स्वतःचेच उत्तर गरजेच्या वेळी आठवले नाही. म्हणजे आपण सुनीताच्या बाबतीत पाहिलेले दोन्ही दोष तेथेही दिसले.

त्याआधी २००८ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहूवरील टपालखाते एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने उघडले होते. त्यासाठी त्याला कसलेही मोठे यंत्र लागले नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि ‘पतीची प्रथम गाठ कोठे पडली?’ एवढेच प्रश्न होते. दोघे वसिला गावच्या शाळेत बरोबर होते ही माहिती छापून आलेलीच होती. प्रसिद्ध व्यक्तीविषयी सर्व जगाला माहीत असते. खेड्यातल्या माणसाविषयी सर्व खेड्याला माहीत असते. कुलपाच्या दृष्टीने दोघांची स्थिती सारखीच. त्या विद्यार्थ्याला २०१० साली एक वर्ष व एक दिवस कैदेची शिक्षा झाली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ६६-क हे कलम दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा ओळखखूण लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ‘गंमत केली’ ही सबब तेथे चालत नाही.

एक प्रश्न कच्चा असेल तर तीन विचारावेत, असे कोणाला वाटेल. गणिताच्या तासाला शिकलेला गुणाकार येथे जपून वापरावा लागतो. तीन प्रश्नांची प्रत्येकी दहा उत्तरे संभवत असतील तर एकूण १,००० जोड्या होतात हे खरे. पण ही उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र असली तरच. ज्याच्या हाती लग्नपत्रिका आहे त्याला तिन्ही उत्तरे एकदमच मिळतात. त्याच्यापुढे १,००० नव्हे, एकच जोडी असते.

असाच आणखी एक नमुना. आधारची जी प्रत संगणकावर उतरवून घेतात तिला कुलूप असते. कुलपाचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. सुनीताच्या बाबतीत एस, यू, एन, आय आणि २०१०. नियम सर्वांना ठाऊक असल्यामुळे नाव माहीत असलेल्याने शंभर वर्षे आजमावली तरी प्रत उघडते, आणि ती दहावीत आहे हे माहीत असले तर दोन-तीन प्रयत्न पुरतात. शिवाय येथे प्रयत्न मोजणारा कोणी पहारेकरी नसतो. म्हणून ही फाइल छपाईच्या दुकानातील संगणकावर तशीच सोडून येऊ नये. काम झाले की आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावी. जेथे चालत असेल तेथे शेवटचे चारच आकडे दाखविणारी आधारची प्रत द्यावी.

मग उत्तर काय द्यावे?

उत्तर खोटे द्यावे! यंत्राला सुनीताच्या मामाशी काही कर्तव्य नाही. पूर्वी नोंदविलेली अक्षरे आणि आता दिलेली अक्षरे जुळतात की नाही, एवढेच ते पाहते. तेव्हा ‘आईचे माहेरचे आडनाव’ या प्रश्नापुढे तिने आडनावाशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच शब्द लिहावेत. मात्र येथे एक भेद नीट समजून घ्या. शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या अर्जात ‘आईचे नाव’, ‘जन्मतारीख’ असे रकाने असतात. ते माहितीचे रकाने आहेत आणि तेथे कागदपत्रांप्रमाणे खरेच लिहिले पाहिजे, नाहीतर अर्ज बाद होईल. खोटे उत्तर द्यायचे ते फक्त खाते परत मिळविण्यासाठी विचारलेल्या गुप्त प्रश्नाला.

असे उत्तर लक्षात राहणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून ते वहीत लिहून ठेवावे. ‘लिहून ठेवू नका’ असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला तो उपदेश सरसकट पटत नाही. चोर दोन जातींचे असतात. एक दूरचा: शेकडो कोसांवरून फोन करणारा. त्याच्यापाशी कोठून तरी फुटलेल्या याद्या असतात, पण तुमच्या पेटीतली वही त्याला दिसत नाही. दुसरा जवळचा: वर्गातला, नात्यातला, शेजारचा. त्याला घरची माहिती असते, कदाचित वहीही सापडेल. त्याच्यासाठी पेटीला कुलूप लावावे लागते. खरी उत्तरे दोघांनाही मिळू शकतात. वहीतली खोटी उत्तरे निदान पहिल्याला मिळत नाहीत.

अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांविषयीही बोलले पाहिजे. घरी संगणक नसल्याने आपण सेतू केंद्रावर किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर जातो आणि खुर्चीवर बसलेले दादा भराभर रकाने भरतात. त्यांचे काम शेकडो अर्जांचे; घाईत सगळ्यांना एकच परवलीचा शब्द आणि एकच उत्तर दिले जाणे सहज शक्य आहे. त्यात कपट असेलच असे नाही. पण त्या दोन रकान्यांपाशी आले की ‘दादा, एवढे मी टाइप करते’ असे म्हणून कळफलक आपल्याकडे घ्यावा, आणि मोबाइल क्रमांक घरचाच घालावा. निकालाच्या वा प्रवेशाच्या दिवशी संकेतांक दुसऱ्याच्याच फोनवर गेला तर जागा जाते; वर्ष जाते.

घरचा क्रमांक म्हणताना आणखी एक. आपल्या भागातली पुष्कळ कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेवढ्या काळात गावाकडचे सिम रिचार्जविना पडून राहिले, तर काही मुदतीनंतर तो क्रमांक बंद होऊन दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग खात्याचे सहा आकडे त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. बंद होणारा क्रमांक बँकेत आणि अर्जांत आधी बदलून घ्यावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून पसार होण्यापूर्वी अडविता आली तर येते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांनी फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत: मामाचे आडनाव, पहिलीतले शिक्षक, जन्ममहिना, आवडता खेळ, घरच्या प्राण्याचे नाव. (कोणाच्या चालू खात्यात हेच प्रश्न असतील तर त्याने प्रयोगाआधी उत्तरे बदलावीत.) प्रत्येकाने बाकावरच्या शेजाऱ्याची उत्तरे अंदाजाने कागदावर लिहावीत, मग खरी उत्तरे पाहून टक्केवारी काढावी. नंतर दुसऱ्या तुकडीतल्या, दुसऱ्या गावच्या मुलासाठी तेच करावे. दोन्ही टक्केवाऱ्यांतले अंतर म्हणजे जवळचा चोर आणि दूरचा चोर यांतला फरक.

आता चांगले उत्तर तयार करू. ३६ शब्दांची यादी करा: मोह, तेंदू, बोडी, नांगर, पतंग, कंदील, असे कोणतेही. त्यांना १-१ पासून ६-६ पर्यंत क्रमांक द्या. दोन वेगळ्या रंगांचे फासे टाका. लाल फाशाचा आकडा पहिला, पांढऱ्याचा दुसरा. जो शब्द येईल तो घ्या. असे पाच वेळा करा. शब्द मनाने निवडू नका, कारण मन पुन्हा सर्जा-राजाकडेच धावते. पाच शब्दांच्या एकूण जुळण्या ३६ चा पाचवा घात, म्हणजे ६,०४,६६,१७६ होतात. तीन प्रयत्न देणाऱ्या यंत्रापुढे चोराला साधारण दोन कोटींत एक एवढी आशा उरते. रोमन लिपीत हे शब्द ज्या स्पेलिंगने लिहाल तेच स्पेलिंग वहीत उतरवा.

ऑग्युस्त कर्कहॉफ या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ साली एक तत्त्व मांडले होते: गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. तेव्हा ३६ शब्दांची यादी फळ्यावर राहिली तरी चालेल. फाशांवर कोणते आकडे पडले ते मात्र शेजाऱ्याला दाखवू नका. तीन फासे घेऊन २१६ शब्दांची यादी केली, तर पाच शब्दांच्या किती जुळण्या होतील ते वहीत करून पाहा.